काळ्या टेपखालचा दिवा

कुंदाची आणि माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली, आणि त्या भेटीतही माझी धाकटी बहीण माझ्यावर रागावली. नाकाला ऑक्सिजनची नळी, आवाज पार खोल गेलेला, तरी रागावली. कारण काय, तर जाम गावच्या लग्नाची लायटिंग मी नामदेववर सोपवून तिला बघायला आलो होतो. नामदेव आमच्याकडचा सगळ्यात जुना कारागीर. त्याला एकटं सोडलं की काय काय होऊ शकतं, हे कुंदाला माझ्याइतकंच ठाऊक. "दादा, त्याले एकट्याले ठेवून तू इथं काय करून राह्यला? मले पाह्याले डॉक्टर आहेत नं." मी म्हटलं, तुले पाह्यलं की निघतो. "पाह्यलं नं? मंग जा आता. अन् पाणी पिऊन जाजो." पाणी पी, हे तिच्या प्रत्येक बोलण्याचं शेपूट होतं. लग्नाला आलेल्या व्याह्यांपासून एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईपर्यंत सगळ्यांना ती पाणी प्यायला लावायची. मी तिच्या देखत अर्धा तांब्या प्यायलो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी मी जामला शिडीवर होतो. मंडपाच्या कमानीला माळा बांधत होतो, तेवढ्यात खिशात फोन वाजला. श्रीकांतचा, म्हणजे कुंदाच्या नवऱ्याचा. तो नुसता "दादा..." म्हणाला. मी शिडीवरून उतरलो. हातातली माळ खाली ठेवायचं सुचलं नाही, तशीच घेऊन रस्त्यापर्यंत चालत गेलो. नामदेवनं मागून येऊन ती माझ्या हातातून काढून घेतली.

तेरवीला सगळा गोतावळा जमला. बाबूजींचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, चुलतभाऊ कवडूकाका काठी टेकत आले, माझ्या शेजारी बसले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बहुत लढली पोरगी. पण शेवटी आजारानं नेलंच." बोलण्यात मायाच होती, मला कळत होतं. समोर पंगत बसलेली, मी मान हलवली. पण त्या दिवसापासून ते वाक्य मला सुखानं जेवू देत नाही. नेलंच म्हणजे काय? मला तर उलटा हिशेब दिसतो. म्हणून हा लेख लिहितो आहे. कवडूकाका पेपरची ही पुरवणी वाचतात, रविवारी चष्मा पुसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्यांनी हेही वाचावं.

आमचं हिंगणघाटला बिछायत केंद्र, म्हणजे लग्नकार्याला मंडप आणि सामान भाड्यानं देण्याचा धंदा. बाबूजींनी काही गाद्या, सतरंज्या आणि एका भोंग्यावर सुरू केलेलं. पुढे मी त्यात लायटिंग घातली. आमच्या घरी कुंदाचा एक फोटो आहे, ती चार-पाच महिन्यांची असतानाचा. गालावर काजळाची तीट, मनगटांना वळ्या पडलेल्या, तोंडभर हसू. असं गुटगुटीत बाळ आमच्या आळीत दुसरं नव्हतं म्हणे. आणि मग दात यायच्या सुमारास एकाएकी तिच्या हातापायांची बोटं सुजली. रडून रडून निळी व्हायची. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, कारण नजर लागली याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. पुढे दर थंडीत दुखणं उठायचं. कधी मांडीत, कधी पाठीत. मी तिला एकदा विचारलं की कसं दुखतं गं, तर ती म्हणाली, "तुह्यं गिरमिट लाकडात फिरते नं, तसं हाडात फिरते." त्यानंतर तिच्यासमोर गिरमिट चालवायला माझा हात धजत नसे.

आई तिला गूळ, बीट आणि रक्तवाढीचं टॉनिक पाजायची. पोरगी पिवळी पडते म्हणजे रक्त कमी, रक्त कमी म्हणजे लोह पाजा. आमच्याकडे घरोघरी हेच केलं जातं, आणि नेमकं हेच तिला नको होतं, हे फार उशिरा कळलं. ती शाळेत असताना एका मोठ्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं आणि आजाराला नाव मिळालं, सिकलसेल. आमच्या जिल्ह्यात आज हे नाव लहान पोरालाही माहीत आहे. तेव्हा आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. आई आणि बाबूजी दोघांच्याही अंगात अर्धी अर्धी खोट, त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही, आणि कुंदाच्या वाट्याला दोन्ही अर्ध्या आल्या. मी वाचलो. डॉक्टरांनी बाबूजींना व्हरांड्यात नेलं आणि हळूच सांगितलं की अशी मुलं विशीच्या पुढे सहसा जात नाहीत. हळूच म्हणजे किती हळू, तर बाकावर बसलेल्या कुंदानं सगळं ऐकलं. परतीच्या एसटीत ती म्हणाली, "बाबूजी, वीसच वरसं असतीन तर मी गणित सोडू का?" बाबूजी हसले आणि हसता हसता त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. गणित काही तिला सोडू दिलं नाही.

पण त्या दिवसापासून तिनं एक प्रश्न धरला. मी बाळ असताना चांगली होते, मग बिघडलं काय? आईला विचारलं, आई म्हणाली नजर. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले तुला कळणार नाही. हे दुसरं उत्तर मात्र तिला भलतंच लागलं. तुला कळणार नाही असं कुंदाला म्हणणं म्हणजे तिच्या शेपटीवर पाय देण्यासारखं. अकरावीला तिनं जीवशास्त्र घेतलं ते या एका प्रश्नासाठी, आणि बीएस्सीला रोज एसटीनं वर्ध्याला गेली तीही त्यासाठीच. थंडीत दोन स्वेटर, कानाला मफलर, बगलेत गरम पाण्याची बाटली. कंडक्टर तिला आजीबाई म्हणायचा. तीही त्याला सोडायची नाही, म्हणायची, आजीबाई व्हायलाच तर निघालीय.

आणि एका संध्याकाळी ती एसटीतून उतरून घरी न जाता थेट आमच्या गोदामात आली. मी मंडपाचे बोर्ड तपासत बसलो होतो. चेहरा असा फुललेला की मला वाटलं हिला नोकरी लागली. "दादा, सापडलं." काय सापडलं? तर तिचं उत्तर. ती गादीच्या गठ्ठ्यावर बसली आणि मला शिकवायला लागली. आईच्या पोटात बाळाचं रक्त वेगळं असतं, आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेणारं. ते बनवणारं एक जनुक असतं. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते जनुक बंद करतं आणि मोठ्या माणसाचं रक्त बनवणारं दुसरं सुरू करतं. कुंदाची खोट या दुसऱ्यात होती. त्यातून बनलेल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि गिरमिट फिरायला लागतं. म्हणजे पहिले काही महिने ती खरोखरच चांगली होती. नजर वगैरे काही लागली नव्हती, आतलं बटण बदललं होतं.

मी म्हटलं, मग ते पहिलं कुठे गेलं? ती टाळी वाजवून म्हणाली, "तेच तर! कुठंच नाई गेलं!" रक्त बनवणाऱ्या प्रत्येक पेशीत ते जनुक आयुष्यभर जसंच्या तसं राहतं, एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. फक्त त्याच्यावर बारीक रासायनिक खुणा येऊन चिकटतात आणि तो धागा असा आवळून गुंडाळला जातो की पेशीला तो वाचता येत नाही. मूळ लिखाणाला धक्का न लावता वाचायचं की नाही एवढंच ठरवणाऱ्या या बदलांना एपिजेनेटिक बदल म्हणतात, असं तिनं मला तीनदा म्हणायला लावलं. मी आपला माझ्या धंद्यातला माणूस. आमच्यात ज्या लाइनवर करंट नको असतो तिच्या बटणावर आम्ही काळी टेप मारतो. वायर शाबूत, बल्ब शाबूत, फक्त ते बटण कोणाला दाबता येत नाही. मी म्हटलं, "म्हणजे फ्यूज नाई उडाला, टेप लावली म्हण नं."

कुंदा गठ्ठ्यावरून उठून उभीच राहिली. मग तिनं माझ्या हातातला टेपचा रोल ओढून घेतला, आणि आधी मला शिव्या घातल्या, कारण रोलचं टोक हरवलं होतं. माझं ते नेहमीचंच. टेप तोडायची आणि रोल तसाच फेकायचा, मग पुढच्या वेळी नखानं खरवडत बसायचं. तिनं टोक शोधलं, एक पट्टी तोडून समोरच्या बोर्डाच्या बटणावर चिकटवली, आणि रोलचं टोक बोटभर आत दुमडून ठेवलं. "असं ठेवाव दादा. पुढच्याले काढाले सोपं जाते." ही तिची सवय शेवटपर्यंत राहिली. तिच्या घरातली चिकटपट्टी, औषधाच्या पुड्यांवरची पट्टी, भेटवस्तूंचे कागद, सगळ्यांची टोकं दुमडलेली असत.

तिची विशी आली आणि गेली. ज्या डॉक्टरांनी ते भाकीत केलं होतं त्यांना तिनं पेढे पाठवायचं ठरवलं होतं, बाबूजींनी कसंबसं अडवलं. तिनं बीएड केलं, समुद्रपूरच्या वाटेवरच्या एका गावात शाळेत लागली. पण दुखणं काही सुटत नव्हतं. वर्षातून कितीदा तरी दवाखाना, दोन वेळा रक्त चढवावं लागलं, आणि एका हिवाळ्यात तर आम्ही आशाच सोडली होती. त्याच हिवाळ्यात तिला एक नवीन डॉक्टरबाई भेटल्या. कुंदानं त्यांना सरळ विचारलं, मॅडम, ती टेप काढता येते का? बाई आधी गोंधळल्या, मग कुंदानं समजावल्यावर खो खो हसल्या, आणि म्हणाल्या, पूर्ण नाही, पण थोडी सोडवता येते. एक गोळी आहे.

ती गोळी मुळात कॅन्सरच्या रोग्यांना देतात हे कळल्यावर आमच्या घरात जे काही झालं ते विचारू नका. आईनं अन्न सोडायची धमकी दिली. शेजारच्या काकूंनी केस गळतात असं सांगितलं. मीही विरोधात होतो. दर महिन्याला रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी घसरल्या तर गोळी थांबवायची, आणि इतकं करून गुण येईलच याची खात्री नाही. गोळी आत नेमकं काय काय करते हे सगळं अजून शास्त्रज्ञांनाही उलगडलेलं नाही, हेही कुंदानंच आम्हाला प्रामाणिकपणे सांगितलं. एवढं मात्र दिसलं होतं, की बऱ्याच जणांच्या अंगात ते बाळपणीचं रक्त पुन्हा बनायला लागतं. आई म्हणाली, "अन् तुह्या अंगात नाई बनलं तर?" कुंदा म्हणाली, "तर नाई बनलं. पण आई, माह्या अंगात ते आहे वं. मी जनमली तवापासून आहे. ते तसंच झाकून ठेवून मरू का?" आईनं उठून तिच्यासाठी भाकरी टाकली. आमच्या घरात यालाच होकार म्हणतात.

काही महिने काहीच झालं नाही. मग एका तपासणीला डॉक्टरबाईंनी कागद कुंदासमोर सरकवला आणि म्हणाल्या, अभिनंदन, तुमच्या अंगात बाळाचं रक्त आलं आहे. कुंदानं तिथूनच दुकानात फोन केला आणि फोनवर नुसती ओरडली. तो हिवाळा तिनं घरी काढला. दवाखान्याची पायरी चढली ती फक्त रक्त तपासायला. माघातली थंडी ओसरली त्या आठवड्यात आमच्याकडे एक लग्न होतं, आणि वरातीत बँडसमोर कोणी नाचत होतं म्हणून मी बघायला गेलो तर कुंदा! मफलर कमरेला बांधलेला. आई मंडपाच्या दारात उभी राहून रडत होती आणि म्हणत होती, थांबवा वं तिले, थांबवा. कोणी थांबवलं नाही. त्या दिवशी ती वाजंत्री दमेपर्यंत नाचली.

लग्न तिनं श्रीकांतशी केलं. तो शेजारच्या शाळेत गणित शिकवतो, म्हणजे शेवटी गणितानं तिला गाठलंच. तिची अट एकच होती, मुलानं आधी रक्त तपासून यावं. त्याच्यात अर्धी खोट असती तर मुलांना पूर्ण आजार होण्याची भीती. श्रीकांत तपासून आला, निर्दोष निघाला, आणि साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, सगळ्यांसमोर म्हणाला की मुलगी बघायला आलो होतो, मुलीनंच मला बघून घेतलं.

इथून तिच्या डोक्यात एका बोर्डाचं खूळ शिरलं. आमच्याकडच्या लग्नांत वरात कधी वेळेवर येते? पोरं नाचत राहतात, मुहूर्त टळत राहतो आणि मंडपात बसलेली माणसं अक्षता हातात घेऊन घामानं ओल्या करतात. हा रिकामा वेळ कुंदाच्या डोळ्यांत भरला. तिनं माझ्याकडून एक लाकडी फळी बनवून घेतली. त्यावर ओळीनं बल्ब, प्रत्येकाला आपलं बटण आणि खाली नाव, डोळा, हाड, कातडी, रक्त. मागे एकच वायरिंग. रक्ताचे मात्र दोन बल्ब. मोठा तिनं मुद्दाम ढिल्या होल्डरमध्ये लावलेला, तो फडफडायचा. त्याच्या शेजारी झिरोचा छोटा बल्ब, बाळाच्या रक्ताचा, आणि त्याच्या बटणावर काळी टेप. वरात लांबली की ती माइक घ्यायची. एकच वायरिंग सगळ्या शरीरात, पण डोळ्यात डोळ्याचीच बटणं चालू, हाडात हाडाची, बाकीच्यांवर टेप. मग ती झिरोच्या बल्बवरची टेप अर्धीच सोलायची, बटण दाबायची, तो मिणमिणता दिवा लागायचा, आणि ती म्हणायची, "हा दिवा म्हणजे मी." आणि शेवटी, पोरापोरींचं रक्त लग्नाआधी तपासा, आणि पाणी प्या.

सुरुवातीला माझी पंचाईत व्हायची. गिऱ्हाईक मंडपाचे पैसे देतो, भाषणाचे नाही. एका नवरदेवाच्या मामानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "काऊन हो, तुमची बहीण शुभकार्यात दवाखाना काऊन लावून राह्यली?" आणि नामदेवचा पराक्रम तर अख्ख्या हिंगणघाटला ठाऊक आहे. एका लग्नात त्याला वाटलं बोर्ड मळकट दिसतो, तर त्यानं सगळ्या टेपा सोलल्या, बोर्ड फडक्यानं पुसला आणि सगळी बटणं खाली करून ठेवली. कुंदानं प्लग लावताच डोळा, हाड, कातडी, रक्त सगळं एकदम पेटलं, जुनी वायर शॉर्ट झाली आणि ऐन वरात दारात आली असताना अख्खा मंडप अंधारात. मी कपाळाला हात लावला. आणि अंधारातून कुंदाचा आवाज आला, माइक बंद, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा, "पाह्यलं? सगळी बटणं एकदम उघडली तर माणूस नाई होत, बट्ट्याबोळ होते! टेपही लागते बाप्पा, फक्त योग्य जागी लागते!" मंडप असा हसला की बाहेरच्या बँडवाल्यांना वाटलं आतच काही करमणूक आहे. त्या लग्नानंतर लोक आम्हाला मंडप ठरवतानाच विचारायला लागले, ताई येतीन नं?

मग सई, तिची लेक. मूल हवं तर गोळी बंद करावी लागणार होती. म्हणजे इतक्या कष्टानं सोडवलेली टेप पुन्हा स्वतःच्या हातानं लावायची. डॉक्टरबाईंनी धोके सगळे समोर मांडले. कुंदानं ऐकले आणि गोळ्यांची डबी कपाटात वर ठेवून दिली. ते महिने वाईट गेले, दुखणं परत आलं, पोटातलं बाळ सांभाळत ती कितीदा तरी सलाइनवर पडून राहिली. पण पोरगी सुखरूप जन्मली, आणि कुंदाही उठून बसली. सईच्या अंगात अर्धी खोट असणार हे ठरलेलंच होतं, त्यानं तिला काही होणार नव्हतं. हे शास्त्र आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. तरी माझी आई, ती बाळाजवळून हलेना. सई चार महिन्यांची झाली, पाच झाली, गुटगुटीत, मनगटांना वळ्या, अगदी फोटोतल्या कुंदासारखी, आणि आईचा जीव थाऱ्यावर नाही. रोज सकाळी बाळाची बोटं एकेक करून चाचपायची. तिच्या डोक्यात ते जुने दिवस फिरत होते. सईला दात आले. बोटं तशीच मऊ. एका सकाळी मी तिथे होतो. आईनं बोटं चाचपली आणि कुंदाला हळूच विचारलं, "बटण बदललं असन का वं हिचं?" कुंदा म्हणाली, "बदललं असन आई." आई म्हणाली, "अन् काहीच नाई झालं." कुंदा म्हणाली, "काहीच नाई झालं." मग त्या दोघी एकमेकींकडे बघून इतक्या रडल्या की बाळ घाबरून रडायला लागलं. माझ्या आयुष्यात मी मोठमोठे विजय-मिरवणुकींचे मंडप घातले, पण त्या सकाळच्याइतका मोठा विजय मी पाहिलेला नाही.

नंतर कुंदानं गोळी पुन्हा सुरू केली आणि पुढची सगळी वर्षं शिकवत, भांडत, माइक धरत काढली. खुब्याचं हाड झिजलं तेव्हा काठी आली. ती काठी ती वर्गात नकाशावर दाखवायला वापरायची आणि म्हणायची, सरकारनं दिली नसती इतकी चांगली छडी मिळाली. थकायची. चिडायची. माझ्याशी महिनोन् महिने अबोला धरायची, कारण मी एकदा लग्नात तिला खुर्ची दिली, सगळ्यांसमोर. पन्नाशी ओलांडली तेव्हा तिनं स्वतःच्या वाढदिवसाला मंडप मागितला, मी घातला, आणि सगळ्यांना पेढे वाटून तिनं जाहीर केलं की डॉक्टरसाहेबांचे पेढे आज वाटले. या दिवाळीनंतर थंडी वाढली, छातीत कफ झाला, फुप्फुसात तेच जुनं दुखणं उठलं आणि आवरलं नाही. हो, शेवटी त्यानंच गाठलं. पण काका, आजारानं तिला विशीत न्यायचं ठरवलं होतं. नोकरी, वरातीतला नाच, श्रीकांत, सई, हे सगळं तिनं त्याच्या तोंडातून ओढून काढलं आणि मग ती गेली. याला नेलं म्हणतात का?

मागच्या आठवड्यात कवडूकाकांच्याच नातीचं लग्न होतं, समुद्रपूरला. मंडप आमचाच. घरात एवढं होऊन गेलेलं, मी जाणार नव्हतो, पण काकांनी स्वतः फोन केला. संध्याकाळची वेळ, वरात नेहमीप्रमाणे गावाच्या कोपऱ्यावर नाचत अडकलेली, मंडपात माणसं अक्षता ओल्या करत बसलेली. मी जनरेटरजवळ उभा होतो. बोर्ड टेम्पोत होता. कोणी काढायला सांगितला नव्हता, पण कुठल्याही लग्नाला निघताना नामदेव तो सवयीनं चढवतोच. कवडूकाका काठी टेकत माझ्यापाशी आले. म्हणाले, "वरात तर येऊन नाई राह्यली. कुंदाचं ते लायटाचं लाव नं." मी टेम्पोकडे पाहिलं. काका म्हणाले, "आमच्या पोरीचं अन् जवायाचं, दोघायचं रक्त पाहूनच साक्षगंध केलं बाप्पा. मीच अडून बसलो होतो. सांग लोकायले."

नामदेवनं बोर्ड स्टेजवर ठेवला. मी माइक घेतला. आयुष्यभर माइकवर हॅलो, चेक, याखेरीज काही बोललो नव्हतो, ते तेवढं बोललो आणि पुढे गाडी अडली. समोर एवढी माणसं. मग मी बोर्डाकडे पाठ न करता, तिच्यासारखाच, बोट ठेवून सांगायला लागलो. हा डोळा. हे हाड. वायरिंग एकच. हे मोठ्यांचं रक्त, हे बघा कसं फडफडतं... आणि हा छोटा दिवा गेलेला नाही, झाकलेला आहे. असं म्हणून मी टेपचं टोक शोधायला नख लावलं. खरवडायची गरजच पडली नाही. टोक दुमडलेलं होतं. दवाखान्यात जाण्याआधीच्या शेवटच्या लग्नात तिनं ती टेप परत लावली होती, आणि बोटभर टोक आत दुमडून ठेवलं होतं, पुढच्याला काढायला सोपं जावं म्हणून.

मी टेप अर्धी सोलली आणि बटण दाबलं. झिरोचा दिवा लागला. पहिल्या रांगेत कवडूकाका चष्मा पुसत म्हणाले, "लागला, लागला." मी लोकांना रक्त तपासायला सांगितलं, पाणी प्यायला सांगितलं. तेवढ्यात वरात आली. बोर्ड उतरवण्याआधी मी टेप पुन्हा नीट लावली आणि तिचं टोक दुमडून ठेवलं.